पाळी चुकली, तारीख लिहिली का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही दवाखान्याच्या सिस्टरांबरोबर खानापूर बाजूच्या एका वाडीवर घरभेटीस गेलो होतो. रोप लावणीचे दिवस, त्यामुळे घरोघरी म्हातारी माणसे आणि पोरेच. एका घरी मात्र मालक गोठ्यात सापडला. गोठ्याच्या दारावर आतल्या अंगाला खडूने लिहिले होते : 'चांदी – ४ मे. लहान म्हैस – ११ जून.' हे काय, असे विचारताच गृहस्थ मोठ्या हौसेने सांगू लागला. या तारखांना म्हशी भरवल्या. तिथून दहा महिने दहा दिवस मोजायचे. एकवीस दिवसांनी पुन्हा माज दिसतो का ते बघायचे, दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे, गाभण ठरली की पेंड वाढवायची, निसरड्या वाटेने चरायला न्यायची नाही. सारे त्याला पाठ होते.

त्याची बायको पडवीत भिंतीला टेकून बसली होती. चहा तिनेच केला, पण स्वतः तोंड फिरवून बसली. सिस्टरांनी विचारले, "काय गं, बरं नाही?"

"पित्त झालंय काय की, सिस्टर. आठ दिवस झाले, सकाळी उठलं की उमासे येतात."

"पाळी कधी आली होती?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने कौलांकडे पाहिले. "झाले असतील की दीड-दोन महिने," ती म्हणाली. "नक्की काय ध्यानात नाही."

पुढे तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा नववा आठवडा चालू होता. त्या नऊ आठवड्यांत या बाईने भाजीवर मारायचे औषध पिंपात कालवून दिले होते, कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि मळमळीवर उतारा म्हणून दिवसातून चार-पाच वेळा मिसरी लावली होती. देवाची कृपा, फेब्रुवारीत ती सुखरूप बाळंत झाली. परंतु गोठ्याच्या दारावरच्या त्या दोन तारखा आमच्या मनातून जाईनात. म्हशींची तारीख लिहिलेली होती, घरच्या बाईची कुठेच नव्हती.

जनावरांची आणि बायकांची तुलना केली म्हणून कुणी रागावू नये. आम्ही तुलना करीत आहोत ती नवऱ्यांच्या लक्षाची. विवाहपूर्व शिबिरात आम्ही नवरदेवांना हाच प्रश्न घालतो. म्हैस किती दिवस गाभण राहते, हे शेतकऱ्यांची मुले एका सुरात सांगतात. बाईचे दिवस कोणत्या तारखेपासून मोजतात, असे विचारले की सगळे चपला बघू लागतात. धर्मगुरूने या विषयावर लिहावे का, असाही प्रश्न एकदोघांनी केला. बाप्तिस्म्याला बाळ आमच्याकडे आणतात आणि माती द्यायलाही आम्हालाच बोलावतात, तर मधल्या गोष्टींविषयी आम्ही मुके का राहावे? खाली जे लिहिले आहे ते दवाखान्याच्या सिस्टरांकडून तपासून घेतले आहे.

दिवस गेल्याचे लवकर कळणे का महत्त्वाचे, ते आधी सांगतो. गर्भधारणा पाळी येऊन गेल्यावर साधारण दोन आठवड्यांनी होते, परंतु दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे ज्या दिवशी पाळी यायची ती आली नाही, त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी मिटून बंद होते, आणि त्याच सुमारास हृदय धडधडू लागते. दुसरी पाळी चुकते तेव्हा आठ आठवडे झालेले असतात, आणि दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी उरकलेली असते. पुढचे सात महिने मुख्यतः वाढीचे. आपल्याकडे रीत मात्र अशी की पहिली पाळी चुकली तर 'मागेपुढे होते', दुसरी चुकली तर 'बघू', आणि तिसरी चुकली की मग सासूला सांगायचे. घराचा पाया घालून झाल्यावर गवंड्याला बोलावण्यासारखे हे आहे.

आता लक्षणे. पहिले आणि सर्वांत भरवशाचे लक्षण म्हणजे ज्या बाईची पाळी वेळेवर येते तिची पाळी चुकणे. परंतु मळमळीची वाट बघत बसू नये. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्याला जोर करते आणि चौथा महिना लागला की बहुतेकींची ओसरते. नाव 'सकाळच्या उलट्या' असले तरी कुणाला संध्याकाळी चूल पेटवताना होतात, कुणाला दिवसभर, आणि कित्येकींना अजिबातच होत नाहीत. त्याच्या आधी येते ती थकावट. काल चार पाटी शेण उचलणारी बाई आज दुपारी बसल्या जागी डुलक्या घेते आणि घरात तिला आळशी ठरवतात. छाती जड होते, भरून आल्यासारखी दुखते, कपडा लागला तरी सहन होत नाही. पुढे स्तनाग्राभोवतालचा रंग गडद होतो. लघवीला वारंवार जावे लागते. तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव येते. फोडणीचा, सुक्या मासळीचा, नवऱ्याच्या घामाचादेखील वास नकोसा होतो. पोट फुगते, शौचाला खडा होतो, उगीच रडू येते. यातील दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या आणि पाळी लांबली, तर ते पित्त समजू नये.

काहींना माती, खडू, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. आपण त्याला कौतुकाने डोहाळे म्हणतो. चिंचेचे, कैरीचे डोहाळे पुरवावेत, परंतु माती-खडूची ओढ हे पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याचे चिन्ह असते. अशा बाईचे रक्त लगेच तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, म्हणजे निम्म्याहून अधिक. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली असू नये.

लक्षणे फसवतातही. शेतकऱ्याला हे म्हशीवरून ठाऊक आहे. एकवीस दिवसांनी माज दिसला नाही म्हणून म्हैस गाभणच असे नव्हे, कारण उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, ती ओरडत नाही आणि मालक चुकतो. तसेच नुसती पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच असेही नाही. रक्तक्षय, थायरॉइड, अंडाशयाचे विकार, मोठा ताप, काळजी, वजन एकाएकी घटणे यांनीही पाळी लांबते. मात्र उलट बाजूची चूक अधिक महागात पडते, आणि ती तीन प्रकारच्या बायकांकडून होते. पहिली अंगावर पाजणारी. तिला वाटते, पाळीच सुरू नाही तर दिवस कसे जातील? बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, दिवसा-रात्री फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी अजून एकदाही आली नसेल, तर तिचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे. यातील एक गोष्ट जरी बदलली तरी भरवसा संपला, आणि अशा वेळी पाळी येण्याआधीच दिवस जाऊ शकतात. दुसरी चाळिशी ओलांडलेली. 'आता जायचीच वेळ झाली' म्हणून ती चार-पाच महिने कुणाला काही बोलत नाही. आमच्या माहितीच्या एका बाईंना पोटात बाळ फिरू लागले तेव्हा उमगले, थोरली सून त्या वेळी माहेरी बाळंतपणाला गेली होती. तिसरी, जिला पाळीच्या सुमारास थोडेसे अंगावर गेले. गर्भ रुजतानाही कधी कधी थोडा डाग दिसतो. दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत थोडेफार अंगावर जाणे चारांतील एकीला होते. नेहमीपेक्षा कमी, फिकट किंवा तपकिरी, एक-दोन दिवसांचाच डाग असेल तर त्याला पाळी मानून मोजणी पुन्हा सुरू करू नये.

संशय फेडण्यासाठी आज साधन अगदी हाताशी आहे. आमच्या लहानपणी जुनी सुईण नाडी धरून, चालीवरून, डोळ्यांवरून सांगे, आणि पुष्कळदा बरोबर सांगे. पण ती तिसऱ्या महिन्यानंतर. त्याहून जुनी एक रीत शेतकरी वाचकांना आवडेल. प्राचीन ईजिप्तमध्ये, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, बाईची लघवी गव्हावर आणि जवावर रोज घालीत. धान्य उगवले तर दिवस आहेत, न उगवले तर नाहीत. १९६३ साली संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गरोदर बायकांच्या लघवीने सुमारे सत्तर टक्के वेळा धान्य उगवले, इतरांच्या लघवीने उगवले नाही. गहू आधी उगवला की जव, यावरून मुलगा-मुलगी सांगण्याची त्यांची दुसरी अटकळ मात्र साफ खोटी ठरली. मुलगा की मुलगी हे चेहऱ्यावरून, पोटाच्या आकारावरून, डोहाळ्यांवरून कळत नाही, आणि यंत्राने बघून सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी पैसे घेऊन सांगतो म्हणाला तर त्याच्या दारात उभे राहू नये.

गर्भ रुजल्यावर ज्या पेशींपासून पुढे वार बनते त्या एचसीजी नावाचे द्रव्य रक्तात सोडतात, आणि ते लघवीत उतरते. १९२० नंतरच्या दशकात बर्लिनचे आशहाइम आणि झोंडेक हे शास्त्रज्ञ ते उंदरांवर ओळखू लागले, पुढे बेडकीवर. गरोदर बाईच्या लघवीतील द्रव्य टोचले की आफ्रिकेतली एक बेडकी दिवसाच्या आत अंडी घालते! आता बेडकीही नको आणि प्रयोगशाळाही नको. 'निश्चय' नावाची सरकारी पट्टी आशाताईंकडे असते व ती फुकट मिळते. औषधाच्या दुकानातही पट्टी शंभर रुपयांच्या आत मिळते, ती मागायला लाज कसली?

पाळी यायच्या तारखेनंतर आठवडाभराने तपासले तर उत्तर पक्के येते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत धरावी. साबणाची वाटी नको. पट्टीबरोबरच्या नळीने सांगितलेल्या जागी दोन-तीन थेंब टाकावेत आणि पाच मिनिटे थांबावे. एकच रेघ उमटली तर दिवस नाहीत. दोन उमटल्या तर दिवस आहेत, मग दुसरी रेघ फिकट का असेना. एकही रेघ उमटली नाही, किंवा जिथे नेहमी उमटायलाच हवी तिथली उमटली नाही, तर पट्टी खराब, दुसरी घ्यावी. अर्ध्या तासाने बघून उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवू नये. उत्तर 'नाही' आले आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. त्यानंतरही तसेच असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी चुकली की तपासणी न करता 'पाळी यायच्या' गोळ्या दुकानातून आणून घेणे ही फार घातक सवय शहराजवळच्या गावांतून शिरली आहे. त्याने बाईच्या जिवावर बेतते, आणि पोटात एक जीव वाढत असेल तर त्याचे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

जिवावर कसे बेतते, त्याची एक आठवण सांगणे भाग आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई, पदरी दोन वर्षांचा मुलगा. तिला तीन दिवस थोडे तपकिरी अंगावर गेले, तिने ती पाळी धरली. मग ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले. घरच्यांनी वायगोळा म्हणून ओवा-हिंग दिला, गावातल्या एकाने सुई टोचली. रात्री ती म्हणाली, खांदा दुखतो. पोटाचे दुखणे आणि खांदा, याचा कुणाला मेळ लागेना. परसात जाताना चक्कर येऊन पडली. अंग गार, घामाने भिजलेले. जीप मिळून शहरात पोचेपर्यंत पहाट झाली आणि वाटेतच सारे संपले. गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजला होता, नळी फुटून पोटात रक्त साचले होते, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. दिवस गेले आहेत हे तिला स्वतःला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी तिचा नवरा आम्हाला पुन्हा पुन्हा एकच विचारीत होता, "फादर, पाळी तर आली होती ना?"

नळीत गर्भ राहण्याचा प्रकार शंभरात एक-दोन बायकांत होतो. त्याचे दुखणे बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे बाहेर कुणाला काही माहीत नसते तेव्हाच उठते. वेळीच कळले तर औषधाने किंवा लहान शस्त्रक्रियेने बाई वाचते. म्हणून पाळी चुकलेल्या, किंवा पाळीत काही वेगळे वाटलेल्या बाईला ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, तर ओवा-हिंग ठेवून द्यावा आणि १०८ ला फोन करावा. रात्र आहे, पाऊस आहे, पाहुणे आहेत, हे काही बघू नये. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच 'पाळी चुकली आहे' असे सांगावे.

आता त्या तीन महिने न सांगण्याच्या रितीविषयी. दृष्ट लागते, नाट लागते, म्हणून पहिले तीन महिने कुणाला कळू द्यायचे नाही, असे आपल्या जुन्या बायका सांगत आल्या. या समजामागे काही अनुभवही आहे. कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते पंधरा पहिल्या महिन्यांत गळतात, आणि गावभर पेढे वाटल्यावर असे झाले तर बाईला तोंड दाखवणे जड जाते. म्हणून गावाला सांगू नका, आमचे काही म्हणणे नाही. परंतु नवऱ्याला, घरातल्या एका जाणत्या बाईला आणि आशाताईला किंवा नर्सला त्याच आठवड्यात सांगावे. या तिघांची दृष्ट लागत नाही! आणि गर्भ गळलाच, तर सुनेने घागर उचलली, पपई खाल्ली, अमावास्येला बाहेर गेली, असे म्हणून तिला कोसू नये. लवकर गळणाऱ्या गर्भांपैकी बहुतेकांत बीजातच दोष असतो. तो कुणाच्या चालण्या-उचलण्याने आलेला नसतो. पपईचे म्हणाल तर कच्च्या पपईचा चीक टाळावा. पिकलेल्या फोडीने आजवर कुणाचे वाईट झालेले नाही.

दोन रेघा दिसल्या त्या दिवसापासून काय बदलायचे? शेतात जाणे बंद करायला सांगितले तर आमच्या भगिनी हसतील, लावणी कोण करणार? काम करावे, पण फवारणीच्या औषधाला हात लावू नये. ते कालवू नये, फवारलेल्या वावरात त्या दिवशी जाऊ नये, आणि फवारणीचे कपडे नवऱ्याने स्वतः वेगळे धुवावेत. यात त्याच्या पुरुषार्थाला काही उणे येत नाही. कुणाची म्हैस किंवा गाय गाभ टाकील तर तो गर्भ, ती वार, तिथली माती बाईने उचलू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग जनावरांतून माणसाला लागतो, आणि गरोदर बाईलाही त्याने गर्भ गळण्याचा धोका असतो. इतरांनीही हातमोजे घालून ते खोल पुरावे. दूध चांगली उकळी आणूनच प्यावे. धारोष्ण दुधाचा आग्रह या दिवसांत नको.

मिसरीविषयी आम्ही येथे मुद्दाम थांबतो, कारण निपाणीपासून खानापूरपर्यंत ती घरोघरी आहे. मळमळ आली की मिसरीने बरे वाटते म्हणून ज्या कधी लावीत नसत त्याही या दिवसांत लावू लागतात, आणि मग ती सुटत नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती नुसती दातांना लागते असे नाही, तोंडातून रक्तात जाते आणि रक्तातून बाळाला. तंबाखू खाणाऱ्या, मिसरी लावणाऱ्या मातांची बाळे सरासरी शंभर ग्रॅमने हलकी भरतात, असे मुंबईत केलेल्या पाहणीत दिसले आहे, आणि ती अपुऱ्या दिवसांची होण्याचा धोकाही वाढतो. मळमळीला उपाय निराळे आहेत. रात्री उशाशी मूठभर चिरमुरे ठेवावेत आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच ते चावून खावेत. पोट रिकामे राहू देऊ नये, थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. आल्याचा लहान तुकडा तोंडात धरावा. पाणीदेखील पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, तर मात्र घरी बसू नये. सलाईन लावावे लागते. घरातल्या दारूविषयी एकच ओळ : फेस्ताचा एक पेलादेखील या नऊ महिन्यांत नको.

गोळ्यांची एक चूक दोन्ही बाजूंनी होते. अंगदुखीच्या गोळ्या बिनदिक्कत घेतल्या जातात. त्या बंद कराव्यात आणि काय चालेल ते डॉक्टरांना विचारावे. उलट फिटच्या, थायरॉइडच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या 'बाळाला बाधतील' म्हणून काही बायका एका दिवसात टाकून देतात. त्याने आई आणि बाळ दोघांनाही धोका. फिटच्या काही गोळ्या गर्भाला खरोखर बाधतात, पण त्या बदलून देण्याचे काम डॉक्टरांचे. त्यासाठी तर लवकर कळायला हवे. छातीचा फोटो काढायचा असेल तर आधी सांगावे. आणि फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पहिल्या दिवसापासून रोज घ्यावी. मघाशी जी मेंदूची नळी म्हटली ती नीट मिटावी म्हणून ही गोळी. ती नळी सहाव्या आठवड्यात मिटते, तेव्हा खरे पाहता ही गोळी दिवस जाण्याच्या महिनाभर आधीच सुरू झालेली बरी. नवविवाहित जोडप्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करावी. पहिल्या तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी आणि काही संसर्गांची तपासणी होते. बाईचा रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासावा लागतो, म्हणून त्याने बरोबर जावे. आमच्या कर्नाटकात त्या वेळी तायी कार्ड मिळते. माहेरी दुसऱ्या राज्यात बाळंतपणाला जायचे असले तरी ते कार्ड पिशवीत असावे, आणि केंद्राच्या मातृवंदना योजनेचे पैसेही नोंदणीवरच अवलंबून आहेत. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील दर दहा मातांपैकी सुमारे तिघींची पहिल्या तीन महिन्यांत एकही तपासणी झालेली नव्हती. त्या तिघींत आपल्या वाडीवरची कोण, हे सिस्टरांना तोंडपाठ आहे, आम्ही येथे लिहीत नाही.

आणि तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजी तारीख मिळते. पाळी १० जूनला आली असेल तर १७ मार्च. दोन आठवडे मागे-पुढे होणे स्वाभाविक आहे. आमच्या बायका तारखेपेक्षा सणावरून बोलतात, त्यालाही हरकत नाही. मरियेच्या जन्माच्या फेस्ताला, ८ सप्टेंबरला, पाळी आली होती असे सांगितले तरी १५ जून निघतोच. फक्त 'पास्काच्या आठवड्यात' असे सांगू नये, कारण पास्काचा सण दर वर्षी तारीख बदलतो, आणि गेल्या वर्षी एका बाईच्या हिशेबात त्यामुळे जवळजवळ तीन आठवड्यांचा घोळ झाला. शेवटी सोनोग्राफीने सुटला.

वाडीवरच्या त्या घरी आम्ही नाताळच्या आधी पुन्हा गेलो. गोठ्याच्या दारावर म्हशींच्या ओळी होत्याच. स्वयंपाकघरात मात्र दवाखान्याचे कॅलेंडर टांगलेले, आणि त्यात फेब्रुवारीच्या एका तारखेला लाल पेन्सिलीने गोल केलेला. गोल कुणी केला, असे सिस्टरांनी विचारले तर मालक पुन्हा कौलांकडे पाहू लागला.

तपासणीच्या पट्ट्या आमच्या दवाखान्यातही ठेवल्या आहेत. मिस्सा सुटल्यावर सगळ्यांसमोर मागण्याचा संकोच वाटत असेल तर बुधवारी दुपारी, गर्दी नसताना, यावे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून त्या चुलीत टाकणाऱ्या भगिनींसाठी पुढील अंकी लिहू.